मागं लाईट लागलाय का बघा हो

सायकलचा मागचा लाईट म्हणजे अशी वस्तू की पैसे आपले, सायकल आपली, जीवही आपलाच, पण बघायचा दुसऱ्यानं. आपण पुढं बघत पेडल मारायचं आणि मागच्याला दिसलो असू असं धरून चालायचं. न दिसणाऱ्या गोष्टीवर खर्च तरी किती करायचा, म्हणून मी मनाशी दोनशे रुपये ठरवले, वर एक रुपया नाही.

घ्यायचं कारण ऊस. दिवाळी झाली की आमच्याकडं कारखाने सुरू होतात आणि मग संध्याकाळी विजापूर रोडला ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूनं बाहेर आलेला, ट्रॉलीला रिफ्लेक्टर असलाच तर तो उसाखाली झाकलेला, आणि टेपवर गाणी एवढ्या मोठ्यानं की आपली घंटी त्याला पुढच्या सीझनला ऐकू जाईल. सात रस्त्याकडनं जुळे सोलापूरला सायकलनं घरी येणारा माणूस ह्या ड्रायव्हरला दिसावा, बास, एवढंच मागणं.

नवी पेठेत गेलो. दुकानदार म्हणला, "काय मालक, पोराच्या सायकलला का?" मी म्हणलं, माझ्याच. त्यानं मला एकदा वरनं खाली बघितलं आणि मग काउंटरवर ढीग ओतला. बटन सेलचा रबरी, रिमोटच्या सेलवर चालणारा, मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होणारा, आणि एक लेझरवाला, तो रस्त्यावर दोन लाल रेघा मारतो म्हणजे गाड्या रेघेच्या बाहेरनं जातात म्हणे. सोलापुरात महापालिकेच्या पांढऱ्या पट्ट्याला कोण विचारत नाही, माझ्या लाल रेघेला काय मान देणारेत! तो राहू दे म्हणलं. मग त्यानं ट्यूबलाईट बंद करून, हाताचा आडोसा करून एकेक पेटवून दाखवला. असं दाखवलं की सगळेच डोळे दिपवतात, खरं कळायचं तर पोराला सायकल घेऊन शंभर पावलं लांब उभं करायला पाहिजे, पण दुकानात शंभर पावलं कुठनं आणायची.

"पावसात चालेल का?"

"मालक, सोलापुरात पाऊस पडतो का?"

ह्यावर काय बोलणार. तरी डब्यावर आयपीएक्स फोर लिहिलेलं वाचलं. म्हणजे कुठनंही पाणी उडालं तर चालतं, बुडवायचं नाही. सायकलला तेवढं बास आहे, कारण इथं पाणी वरनं कमी आणि चाकाकडनं जास्त येतं.

चार्जिंगवाला मनात भरला होता पण त्याच्या कागदावर लिहिलेलं की ४५ डिग्रीच्या वर चार्ज करू नका. आमच्याकडं मे महिन्यात सावलीतच ४३-४४ होतं, म्हणजे तो लाईट उन्हाळ्यात फ्रीजशेजारी चार्ज करायचा. बटन सेल पण नको वाटला, त्याच्यात दोनशे-सव्वादोनशे मिलीअँपिअर अवर एवढाच दम असतो, रिमोटच्या चांगल्या अल्कलाईन सेलमध्ये हजाराच्या आसपास. वर लाल एलईडीला दोनच व्होल्टच्या जवळपास लागतात, पांढऱ्याला तीनेक, त्यामुळं दीड दीडचे दोन सेल त्याला निवांत पुरतात. रिमोटच्या सेलवालाच घेतला, दीडशेला. पूर्वीचा डायनामो मला आवडायचा खरं, सहा व्होल्टचा, टायरला घासत कुरकुरणारा, सेलची भानगड नाही, पण सिग्नलला थांबलं की तो पण विझायचा, आणि ट्रॅक्टर नेमका तेव्हाच मागं असतो.

खरी कसरत बसवायची. पट्टा येतो सीटखालच्या नळीसाठी, आणि माझ्या सायकलला मागं कॅरिअर, कॅरिअरवर डब्याची पिशवी. म्हणजे नळीला लावला की लाईट बघणार फक्त डबा. शेवटी कॅरिअरच्या टोकाला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून करकचून बांधला, जरा खाली झुकला की फक्त रस्ता उजळतो, वर गेला की आभाळाला सिग्नल जातो, तो अगदी सरळ मागं बघायला पाहिजे.

भाच्याला जर्मनीला फोटो पाठवला. म्हणला मामा, सायकलचा ब्लिंक होणारा मागचा लाईट इकडं चालतच नाही, एकसारखाच लागायला पाहिजे. इंग्लंडमध्ये म्हणे २००५ पासून ब्लिंकिंगला परवानगी आहे पण मिनिटाला ६० ते २४० वेळाच. इथं रिक्षा ब्लिंक करते, वरातीचा घोडा ब्लिंक करतो, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला अख्खं गाव ब्लिंक करतं, त्यात माझा एक ठिपका कोण मोजणार. पण त्याचा एक मुद्दा पटला, लुकलुकणारा लाईट लक्ष वेधतो खरं, पण किती लांब आहे ते मागच्याला नीट कळत नाही. म्हणून उजेड असेपर्यंत ब्लिंक, आणि पुढं अंधारात एकसारखा.

आता रोज संध्याकाळी अर्धं सोलापूर माझ्या काळजीत. "ओ काका, लाईट चालूय!" कोण मोटरसायकल शेजारी आणून हाताची मूठ उघडमीट करून दाखवतो. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या मोटरसायकलचा हेडलाईट कायम चालूच असतो, बंद करायचं बटनच नाही, तरी मूठ दाखवायची सवय काय गेली नाही लोकांची. एकजण तर म्हणला, "बंद करा बे काका, सेल जातील की." मी सगळ्यांना थँक्यू म्हणतो. लाईट लागलाय ह्याची पावती ह्याच्याशिवाय मिळत नाही.

घरात मात्र वाद आहे. नवे सेल लाईटला आणि लाईटमधनं मंद झालेले टीव्हीच्या रिमोटला अशी पद्धत मी सुरू केलीय, रिमोटला करंट कमी लागतो, त्याला ते अजून बरेच दिवस चालतात, रिटायर माणसाला हलकं काम मिळाल्यासारखं. बायको म्हणली, "लाईटला नवे आणि आम्हाला जुने?" मी म्हणलं टीव्हीला मागनं कोण ठोकत नाही. ती म्हणली, "आठची सिरीयल चुकली तर तुम्हाला पुढनं मिळेल."

चार सेलचं पाकीट आणलंय, दोन तिकडं, दोन इकडं.