चौथा कोपरा

फोटोफ्रेमचे पहिले तीन कोपरे कुणालाही जमतात. ते जमले की माणूस दोन पावलं मागे सरकतो, मान तिरकी करतो आणि स्वतःवर खूश होतो. मग चौथा कोपरा येतो. तिथे फट असते.

हिशेब साधा आहे. चार कोपरे म्हणजे आठ काप, प्रत्येक 45 अंशांचा. एकेक काप अर्ध्या अंशाने हुकला तर करवतीला त्याचं काहीच वाटत नाही. पण सगळे एकाच बाजूला हुकले (माझी करवत या बाबतीत फार एकनिष्ठ आहे) की आठ अर्धे मिळून चार अंश होतात, आणि ते चारही शेवटच्या कोपऱ्यात ठाण मांडतात. बाकीचे तीन कोपरे साळसूद चेहऱ्याने बघत बसतात.

बरं, काप अचूक आले असं धरू. सुके तुकडे जोडून बघावेत तर सांध्यात केस शिरणार नाही. ग्लू लावला की तेच तुकडे साबण लावल्यासारखे सटकतात. क्लॅम्प (तुकडे आवळून धरणारा शिकंजा) जोर लावतो सरळ, सांधा आहे तिरका. मग निम्मा जोर सांधा दाबण्यात जातो आणि उरलेला लाकूड बाजूला ढकलण्यात. जितकं आवळावं तितकं ते पळतं. उजवा कोपरा धरला की डावा सुटतो, डावा धरला की ग्लू बाहीला लागतो. आणि फोन नेमका तेव्हाच वाजतो.

उपाय सांगणारे पुष्कळ. कुणी म्हणतं, ग्लूमध्ये चिमूटभर मीठ टाक, खडे लाकडात रुततात आणि घसरण थांबते. थांबते खरी, पण घरातल्यांना मिठाची बरणी वर्कबेंचवर का, हे समजावणं जास्त अवघड. पट्ट्याचा क्लॅम्प चारही कोपरे एकदम आवळतो. एवढंच की पट्टा जरा वरखाली बसला तर एक कोपरा हवेत उचलला जातो. दोन्ही कर्ण मोजून सारखे भरले तरी फ्रेम टेबलावर डुगडुगते.

सगळ्यात खात्रीचा उपाय लाकडी त्रिकोणांचा. ते कोपऱ्याच्या दोन्ही अंगांना बाहेरून, मध्ये कागद ठेवून चिकटवायचे. क्लॅम्प त्यांच्यावर बसला की दाब सांध्यावर काटकोनात पडतो आणि लाकूड निमूट जागेवर राहतं. ग्लू वाळला की पटाशीची टोच द्यायची. कागद मधोमध फाटतो, त्रिकोण निघतो. मग उरलेला कागद रंध्याने काढत बसायचं. एका फ्रेमसाठी आठ त्रिकोण कापायचे, तेही 45 अंशांचे. कशाने? त्याच करवतीने.

एवढं करूनही बारीक फट राहिलीच, तर स्क्रूड्रायव्हरची गोल दांडी धारेवर जोर देऊन घासावी. दोन्हीकडचे तंतू आत दुमडतात आणि फट झाकली जाते. याला मी फसवणूक मानत नाही, फिनिशिंग मानतो.

शिवाय हवा आहेच. कोरड्या हवेत लाकूड रुंदीत आकसतं, सांधा आतून उघडू बघतो. दमट हवेत फुगतं, तेव्हा बाहेरून. थोडक्यात, ऋतू कुठलाही असो, तो माझ्या बाजूने नसतो.

त्यामुळे हल्ली कुणाकडे गेलो की भिंतीवरच्या फ्रेमचे चारही कोपरे जवळ जाऊन तपासतो. चौथ्यात फट दिसली की जीव थंड होतो. यजमान विचारतात, "ओळखलंत का यांना?" फोटोकडे मी बघितलेलंच नसतं.