जनमत घ्या म्हणता, पण कोणत्या दिवशी?

नमस्कार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण लेख शेवटपर्यंत वाचूनच लिहिलीत, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं: बहुसंख्य लोकांना फाशी हवी असताना ती रद्द करा म्हणणारा मी कोण, हे पाश्चात्त्य खूळ आहे, दयेचे अर्ज वर्षानुवर्षं लोळत पडतात, आणि मला कळवळा आरोपींचा, पीडितांचा नाही.

अर्जांबद्दलचं बिनशर्त मान्य. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली, ती कुणाला दया आली म्हणून नव्हे. सरकारदरबारी अर्ज जवळजवळ आठ वर्षं रखडला म्हणून. खूळ पाश्चात्त्य म्हणाल, तर 3 जून 1949 ला संविधान सभेत फाशी रद्द करण्याच्या बाजूने बोलले ते बाबासाहेब आंबेडकर.

लोकांना फाशी हवी आहे, यावर मी वाद घालतच नाही. डिसेंबर 2019 मध्ये हैदराबादेत बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा पोलिसांवर फुलं उधळली गेली. पुढे त्याची चौकशी करणाऱ्या न्या. सिरपूरकर आयोगाने ती चकमक बनावट ठरवली, तेव्हा कुणी फुलंवाल्यांचं मत पुन्हा विचारायला गेलं नाही. 'फाशी हवी का?' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खरा गुन्हेगारच उभा राहतो. कोर्टात उभा असतो तो पोलिसांनी पकडून आणलेला माणूस.

आता पीडितांबद्दल. जून 2003 मध्ये नाशिकजवळ पेरूच्या बागेतल्या एका झोपडीवर दरोडा पडला. पाच खून, मायलेकींवर बलात्कार. आई वाचली. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांचीच कायम ठेवली, आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. त्या दिवशी मला विचारलं असतंत, तर मीसुद्धा 'द्या' म्हटलं असतं! 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी 5 लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

सुटले कशामुळे? वाचलेल्या त्या आईने सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळेच गुन्हेगार ओळखून दाखवले होते. त्यांचा तपासच झाला नाही. पीडितांचं ऐका म्हणता, इथे तर तीच सांगत होती.

तो 2019 चा निकाल एकदा वाचा आणि मग पुन्हा लिहा. तितकंच तिखट लिहिलंत तरी चालेल.