फोन गाडी चालू असतानाच जोडावा

गाडीच्या ब्लूटूथला फोन जोडायचा म्हणता? उत्तम. फक्त एक पथ्य पाळा: गाडीबरोबर मिळालेली ती जाड पुस्तिका उघडू नका. ती वाचायला दिलेलीच नसते. पुढच्या कप्प्यात पीयूसी आणि इन्शुरन्सचे कागद चुरगळू नयेत म्हणून खाली काहीतरी सपाट आणि कडक लागतं, तेवढीच ती सोय.

डिलिव्हरीच्या दिवशी तुम्ही सुरुवात तर झकास केली होती. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, हातात ती पुठ्ठ्याची हातभर किल्ली, फोटोत येण्यासाठी मुलांची ढकलाढकली. शोरूममधला पोरगा अदबीनं म्हणाला, "सर, ब्लूटूथ जोडून दाखवू? दोन मिनिटं लागतील." आणि तुम्ही म्हणालात, "त्यात काय दाखवायचंय?" वा! या एका वाक्याच्या जोरावर पुण्यात लोकांनी अख्ख्या सोसायट्या चालवल्यात, तुम्हाला तर नुसता एक फोन जोडायचाय.

आता मुहूर्त. रविवारी सकाळी चहा झाल्यावर पार्किंगमध्ये हँडब्रेक ओढून बसलात तर काम खरोखरच दोन मिनिटांत होतं. म्हणूनच तिथे बसू नका. सोमवार उजाडू द्या. बायकोच्या मामांना बावधनला साखरपुड्याला सोडायचंय, मुहूर्त साडेदहाचा, साडेनऊला तुम्ही नळ स्टॉपच्या सिग्नलला उभे. लाल दिवा लागला की उजव्या हातात फोन घ्या, डाव्या हाताचं बोट टचस्क्रीनवर ठेवा आणि स्टिअरिंग देवाच्या हवाली करा.

फोनवर एकदम दहा-बारा नावं उगवतील. शेजारच्या स्कूटरवरच्या मुलीचं कानातलं, मागच्या रिक्षातला स्पीकर, कुणाचं तरी नाडी मोजणारं घड्याळ. आणि एकाच नावाच्या तीन गाड्या! दचकू नका. तुमच्याच मॉडेलचे आणखी दोन मालक याच सिग्नलला फोन जोडायला बसलेत, इतकंच. तुमचा मुहूर्त बरोबर असल्याची याहून मोठी खूण नाही. गाडीला आणि फोनला सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचं नाव देता येतं, म्हणजे हा घोळ टळतो. पण बारसं कशाला करत बसायचं? तिन्हींपैकी जी वर दिसेल तिच्यावर बोट ठेवा.

दोन-चार परक्या गाड्यांनी हाकलल्यावर आपली सापडते. मग दोन्ही पडद्यांवर सहा आकडे उमटतात आणि प्रश्न येतो: दोन्हीकडे हेच आहेत ना? पूर्वी हे नव्हतं. तेव्हा ०००० किंवा १२३४ टाकलं की झालं. म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली तुळशीच्या कुंडीखाली ठेवण्याइतका बंदोबस्त. २००७ साली ब्लूटूथची २.१ ही आवृत्ती आली आणि आकडे ताडून बघायची पद्धत सुरू झाली. मध्ये तिसरंच कुणी घुसलं असेल तर आकडे जुळत नाहीत, असा तो हिशेब. तुम्ही अर्थातच ते बघायचे नाहीत. सोसायटीच्या वार्षिक सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त कसं मंजूर करता? तसंच. हो म्हणा आणि पुढे चला.

पुढे चलायची वेळ तर आलेलीच असते, कारण दिवा हिरवा झालाय आणि मागे पीएमटीची बस उभी आहे. तिला पीएमपीएमएल म्हणायचं असतं. त्याच २००७ साली पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोघी बससेवा एकमेकींना पेअर झाल्या, हॉर्न मात्र जुन्या आवृत्तीचाच ठेवला. तो वाजतो, तुम्ही दचकता, फोन सीटखाली जातो, आणि पडदा सांगतो की जोडणी अयशस्वी.

गाडी हलली की बऱ्याच मॉडेलमध्ये पुढची अडवणूक सुरू होते: वाहन थांबवल्याशिवाय नवीन फोन जोडता येणार नाही. हे मनाला लावून घ्या. काल चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी, आणि ती पेठेत वाढलेल्या माणसाला शिकवणार? सुदैवानं कर्वे रोड तुमच्या बाजूनं आहे. साडेनऊला तिथे आपण चालतोय असं गाडीलाही वाटत नाही. नळ स्टॉप ते पौड फाटा एवढ्या अंतरात तुम्हाला सहज पाच-सहा वेळा प्रयत्न करता येतील.

प्रयत्न चालू असताना शेजाऱ्याला माहिती द्या. पुण्यात काम अडलं की माहिती देतात. मामांना सांगा की हा ब्लूटूथ म्हणजे दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हॅराल्ड, टोपणनाव निळा दात. त्यानं डॅनिश टोळ्या एका छत्राखाली आणल्या, नॉर्वेतही हातपाय पसरले. १९९७ मध्ये इंटेलमधल्या एका इंजिनिअरनं या बिनतारी तंत्राला तात्पुरतं म्हणून त्याचं नाव सुचवलं आणि तेच कायम झालं, आपल्याकडच्या तात्पुरत्या डिव्हायडरसारखं. ते टोकदार चिन्ह आहे ना, ती त्याच्या नावाची आद्याक्षरं, जुन्या रून लिपीतली, एकीवर दुसरी बसवलेली.

मामा ऐकून घेतील आणि विचारतील, "त्यानं दोन देश जोडले म्हणता, मग तुमचा एक फोन का जोडला जात नाही?"

यावर हसावं. आपलेच दात, आपलेच ओठ.

मग विषय तांत्रिक करा, तिथे मामांना शिरता येत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओलहरींचा ७९ लेनचा एक रस्ता आहे. त्यावरून हा ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा लेन बदलत जातो. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच रस्त्यावर. इतकी कापाकापी करूनही टक्कर होत नाही, कारण पुढची उडी कुठे मारायची हे दोन्ही टोकांना आधीच ठाऊक असतं. तेवढी एक अट सोडली तर आपले दुचाकीवाले याच तंत्रानं चालतात.

समजा, पौड रोडला लागता लागता फोन जोडला गेला. (जातो कधीकधी. चमत्कारांना या लेखात मज्जाव नाही.) आता फोन विचारतो, तुमचे कॉन्टॅक्ट आणि आलेल्या-गेलेल्या कॉलची यादी गाडीला देऊ का? क्षणाचाही विचार करू नका, देऊन टाका. नाहीतर पडद्यावर नुसते आकडे दिसतात, त्यात काय गंमत? तुमच्या फोनमधली नावं ही तुमच्या मनाची रोजनिशी आहे. 'प्लंबर उचलत नाही'. 'टँकर महाग'. 'चेअरमन घेऊ नये'. इतके दिवस ही रोजनिशी तळहाताएवढ्या पडद्यावर होती, आता ती घरातल्या पोळपाटाएवढ्या पडद्यावर, ठळक टाइपात, सगळ्या सीटवरून वाचता येईल अशी झळकणार.

आनंदनगरच्या अलीकडे ती झळकते. 'कटकट वारजे'.

मामा वाकून वाचतात. "ही कोण हो?"

तुम्ही म्हणता, "आमचा एक सप्लायर आहे." आणि घाईघाईनं कॉल बंद करायला बोट नेता, ते नेमकं हिरव्या खुणेवर पडतं. चारही दारांतल्या स्पीकरमधून मामींचा आवाज येतो, "अहो जावईबापू, हे पोचले का? यांनी गोळी घेतली नाहीये!"

या प्रसंगातून सुटायची युक्ती मला विचारू नका. मी स्वतः पावणेदोन वर्षं वारज्याला गेलेलो नाही.

गाणी लागत नसतील तर घाबरायचं कारण नाही. फोन गाडीशी एक नातं जोडत नाही, निरनिराळी जोडतो. बोलण्याचं वेगळं, गाण्याचं वेगळं, नावांच्या यादीचं वेगळं. त्यामुळे मामी खणखणीत ऐकू येतात आणि गाणं मात्र फोनच्याच पोटात कुजबुजत राहतं. सेटिंगमध्ये गाडीच्या नावापुढे जाऊन बोलण्याची आणि गाण्याची अशा दोन्ही खुणा चालू केल्या की भागतं. ते करू नका. म्युझिक सिस्टिमवर दोन थापट्या मारा. आपल्या आधीच्या पिढीनं टीव्ही असेच दुरुस्त केले.

पुढची पायरी, घरातल्या सगळ्यांचे फोन जोडून टाका. गाडी सुरू झाली की ती ओळखीचा फोन शोधते, बहुतेक वेळा गेल्या खेपेला जोडलेला. सर्वसाधारण फोनचा टप्पा दहाएक मीटर. आणि तुमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, बरोबर पार्किंगच्या डोक्यावर. सकाळी तुम्ही किल्ली फिरवता. वर गॅलरीत बायको तिच्या आईशी बोलत असते. काल गाडी तिनं नेली होती, त्यामुळे गाडीला तिचीच आठवण येते. वरचा कॉल अलगद खाली उतरतो आणि तुमच्या कानाशी सासूबाई म्हणतात, "...गेले का एकदाचे?"

वर बायकोला काहीच ऐकू येत नाही. ती "हॅलो, आई, हॅलो" करत गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. खाली सासूबाई, लेकच ऐकतेय अशा समजुतीनं, बोलतच राहतात. गाडी हलवू नका. इंजिन चालू ठेवून शांत बसा. आपल्याविषयी घरात खरं काय मत आहे हे कळायला लोक ज्योतिष्याकडे जातात, पत्रिका दाखवतात, पाचशे-हजार मोजतात. तुम्हाला ते शोरूमच्या किमतीत मिळालंय. फक्त खोकू नका. मी खोकलो. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, तुला सर्दी झालीय? आवाज किती घोगरा येतोय."

आता बोलायचं कसं ते. गाडीचा माइक साधारणपणे वर, दिव्याच्या आसपास असतो. तिकडे लक्ष देऊ नका. म्युझिक सिस्टिमच्या दिशेनं वाका आणि ओरडा. एसीचा पंखा चारवर ठेवा, समोरचा "तुम्ही विमानतळावर आहात का?" असं विचारतो, तेवढीच ऐट. काचा खाली असतील तर अधिक चांगलं. वनाजच्या सिग्नलला शेजारच्या चार दुचाकीवाल्यांना तुमच्या गृहकर्जाचा हप्ता कळतो, आणि त्यातला एखादा व्याजदर कमी करून घ्यायचा सल्लाही देतो.

शिवाय कायदाही तुमच्या बाजूनं आहे. हातात फोन धरून गाडी चालवणं हे २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात धोकादायक ड्रायव्हिंग म्हणून नावानिशी लिहिलं गेलं. पहिल्याच वेळी १००० ते ५००० रुपये दंड, किंवा तुरुंग, किंवा दोन्ही. तो टाळायला ब्लूटूथ हवं. आणि ते जोडायला नळ स्टॉपपासून वनाजपर्यंत फोन हातात हवा. कुणी अडवलं तर हेच सांगा, की साहेब, कायदा पाळायचीच तयारी चाललीय.

हात मोकळे झाले की माणूस निवांत बोलू शकतो. निवांतपणाची परीक्षा चांदणी चौकात होते. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटकं लावून पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवा खुला झाला. त्याला इतके फाटे आहेत की पाट्या वाचायलाच दोन डोळे आणि एक रिकामं डोकं लागतं. तुमचे डोळे आहेत. डोकं मात्र गोळी कुठल्या कप्प्यात ठेवलीय हे मामींकडून समजून घेण्यात गुंतलंय. मामा उजवीकडे म्हणतात, मामी निळ्या डबीत म्हणतात, मॅपमधली बाई काहीतरी सांगू बघते तर कॉल चालू असल्यामुळे ती मध्येच गप्प होते. डोंगराच्या कुशीत बालेवाडीचं स्टेडियम दिसायला लागलं की समजावं, आपण मुंबईला निघालोय. साखरपुडा बावधनला, साडेदहाला.

थोडक्यात आटपायच्या दोन गोष्टी. गाडी विकताना फोनची नोंद पुसू नका. नव्या मालकाला 'चेअरमन घेऊ नये' ही माहिती उपयोगी पडेल. आणि भाड्याच्या गाडीत तासाभरासाठी बसलात तरी कॉन्टॅक्ट देऊनच उतरा, तेवढीच ओळख राहते.

परतीच्या वाटेवर जोडणी तुटते. बालेवाडीहून वळून, मामांना प्रसाद म्हणून मिळालेला पेढा खात, तुम्ही पुन्हा पडद्याकडे हात नेता. आता पडदा म्हणतो: यादी भरली आहे, एक फोन काढून टाका. गाडीला मोजकेच फोन लक्षात राहतात आणि तुमच्या गाडीत ती संख्या कधीच पुरी झालीय. बायको आहे. मुलगा आहे. मुलाचा जुना फोन आहे, जो फुटून दीड वर्ष झालं. शेजारचे आपटे आहेत, त्यांना एकदा स्टेशनवर सोडलं होतं. आज सकाळी मागच्या मागे बहुधा मामांनीही आपला जोडून टाकलाय, कसा ते विचारू नका. आणि तळाशी तुम्ही.

कुणाला काढायचं याचा विचार करायला सिग्नलचे नव्वद सेकंद आहेत. आकडा खाली येतोय. बायकोचा काढणं शक्य नाही. आपट्यांना कळलं तर वाईट वाटेल. सात, सहा, पाच. मागे पीएमटी. हॉर्न वाजतो, बोट खाली पडतं आणि पडदा विचारतो की हा फोन कायमचा काढायचा ना. सवयीप्रमाणे तुम्ही न वाचता हो म्हणता.

"तुमचाच गेला वाटतं," मामा म्हणतात.

जाऊ द्या. उद्या साडेनऊला नळ स्टॉप आहेच.