चहा घेतला, बिस्किटं नव्हती : 'एक मराठवाडेकर' यांना उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा राग आला.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडच्या एका कंपनीचा छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला सुटे भाग बनवणारा कारखाना आहे, शेंद्र्याला पॅकेजिंगचा आणि जालन्याला बियाणांचा विभाग. तिन्ही विभागांनी सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांना नफ्यातून समाजासाठी कराव्या लागणाऱ्या खर्चातून, जी कामं केली, त्यातली बदनापूर तालुक्यातली मी पाहून आलो आणि लिहिलं. पाझर तलावातला गाळ, रस्त्याकडेची झाडं, शाळेच्या दोन खोल्या. त्यावर आपण लिहिता :

"हा लेख नव्हे, कंपनीचं पत्रक आहे. दोन टक्के कायद्यानेच द्यावे लागतात, त्यात उपकार कसले? एका विभागाने झाडं लावायची, दुसऱ्याने बोअर मारून पाणी उपसायचं. २०१६ विसरलात? झाडं जगली किती ते लिहा. शाळेच्या भिंतीवरचा लोगो फळ्याएवढा आहे. लेखकाने चहा-बिस्किटांची परतफेड केलेली दिसते."

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो.

मी त्या गावाला एसटीने गेलो. बदनापूरला उतरून पुढे वडापने. तिकिटाचे पैसे माझे. चहा घेतला, तोही सरपंचांच्या घरी, कंपनीचा माणूस तिथे नव्हता. बिस्किटं नव्हती, चिवडा होता. खाल्ला. मराठवाड्यात कुणाच्या घरी चिवड्याला नाही म्हणून दाखवा, मग माझ्या चारित्र्यावर बोला.

आणि कारखानदारांचं मला फार कौतुक आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना एक सांगतो. आयटीआय झाल्यावर मी औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार होतो. कोणत्या कारखान्यात ते सोडा. दर सात महिन्यांनी 'ब्रेक' मिळायचा, म्हणजे घरी बसायचं, म्हणजे पर्मनंटचा दावा करता येऊ नये. तिसऱ्या ब्रेकनंतर फोन आलाच नाही. डाव्या अंगठ्याचं नख प्रेसखाली गेलं ते अजून वाकडंच उगवतं. हा अंगठा घेऊन मी कंपन्यांची पत्रकं लिहीत बसेन असं तुम्हाला वाटत असेल, तर काय बोलावं.

आता 'उपकार'. हा शब्द माझ्या लेखात कुठे आहे? शोधून दाखवा. मी लिहिलं, 'काम झालं'. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ मलाही माहीत आहे. ते १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात. पण पैसे कोणत्या गावात, कोणत्या कामावर, हे कायदा ठरवून देत नाही. आसपासच्या भागाला प्राधान्य द्या म्हणतो, बस. तेच दोन टक्के पुण्या-मुंबईच्या एखाद्या चकचकीत हॉलमध्येही जिरतात. इथे ते पाझर तलावात जिरले. यात फरक दिसत नसेल तर पुढचं वाचू नका.

वाचणार असाल तर तलावाचं सांगतो, कारण त्यावर तुम्ही एक अक्षरही लिहिलेलं नाही. तो तलाव बहात्तरच्या दुष्काळातला. त्या वर्षी माझी आजी अशाच एका बांधावर पाट्या वाहत होती, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन. ती म्हणायची, "माती आम्ही टाकली, पाणी कुणी पाह्यलं?" पन्नास वर्षांत तलाव गाळाने भरला, पाणी थांबेना, मुरेना. मग या उन्हाळ्यात पोकलेन आलं. मशीन आणि डिझेल कंपनीचं, गाळ वाहायचा खर्च शेतकऱ्याचा, सरकारच्या गाळमुक्त धरण योजनेचीही सुरुवातीची रीत साधारण अशीच होती. ज्याच्याकडे ट्रॅक्टर नव्हता त्याने भाड्याने लावला. एका मुरमाड शेतात मी उभा होतो. खालचा मुरूम तांबडा, वर वीतभर काळा गाळ, सुकून त्याला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा. शेतकरी त्या भेगेत हात घालून दाखवत होता, "इथं कुसळ उगवत नव्हतं, आता कापूस लावतो." ट्रॉल्यांचा हिशोब त्याने शाळेच्या वहीत लिहून ठेवला होता, कंपनीने नाही. याला पत्रक म्हणा खुशाल.

एक चूक मान्य. लेखात मी रस्त्याकडेची झाडं कडुलिंबाची म्हटलं होतं, ती करंजाची आहेत. काल दुरुस्ती केली. चूक दाखवली असती तर आभार मानले असते, पण ती तुम्ही नाही, जालन्याच्या एका वाचकाने दाखवली.

जगली किती, हे शेळ्यांना विचारा. पहिल्या उन्हाळ्यात टँकरने पाणी घातलं, एवढं गावकरी सांगतात. लोगो मोठा आहे, दिसतो मलाही. पण पूर्वी त्याच खोलीत पावसाळ्यात पोरांना कोपरा बदलून बसावं लागायचं.

राहिला बोअरचा मुद्दा. तुम्ही २०१६चा दाखला देता. त्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपल्याकडच्या मद्य कारखान्यांचं पाणी कापायला लावलं. बरोबर. पण ही कंपनी दारू गाळत नाही. शेंद्र्याचा विभाग जमिनीतून किती पाणी घेतो, यावर स्वतंत्र लेख लिहायचा विचार आहे. तो या लेखाचा विषय नव्हता. हे मी टाळतोय असं तुम्ही म्हणालच, म्हणा.

टोपणनावाने लिहिणं सोपं असतं, साहेब. मी माझ्या नावाने लिहितो, गावातले लोक रस्त्यात अडवून विचारतात. येत्या रविवारी मी पुन्हा तिकडे जाणार आहे, बांधाच्या पिचिंगचं, म्हणजे दगड बसवायचं, काम अर्धं राहिलंय ते बघायला. यायचं असेल तर कळवा. बदनापूरच्या बसस्टँडवर नऊ वाजता भेटू. तिकीट आपापलं.