शायनी म्यू फुकट, फक्त पासवर्ड पाठवा!

काल रात्री ताईने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "देऊ का रे पासवर्ड? हा सकाळपासून डोकं खातोय." हा म्हणजे माझा सहावीतला भाचा. तो पोकेमॉन गो, म्हणजे बाहेर हिंडून फोनवर पोकेमॉन नावाचे प्राणी पकडायचा खेळ, खेळतो ताईच्या फोनवर आणि ताईच्याच गूगल खात्यावरून. मेसेजचं शीर्षक होतं "पोकेमॉन गो : कंपनी लपवते ती 7 गुपितं". सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, आगीच्या इमोजींची रांग आणि शेवटी एक मोबाईल नंबर : लॉगिन पाठवा, शायनी (म्हणजे वेगळ्या रंगाचा, दुर्मिळ) म्यू हा पोकेमॉन खात्यात येईल. त्यांच्या सोसायटीच्या मुलांच्या ग्रुपवर तो आधीच फिरून गेला होता.

मी हा खेळ बरीच वर्षं खेळतोय, त्यामुळे असले मेसेज मला नवे नाहीत. एरवी हसून सोडून दिला असता. पण यातल्या सात "गुपितां"पैकी पाच नुसती थापेबाजी आहेत आणि उरलेली दोन सरळ चोरीच्या वाटेवर नेणारी आहेत. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिलं गुपित ईव्हीचं, म्हणजे इव्हॉल्व्ह केला (रूप बदललं) की अनेक प्राण्यांपैकी एक होणाऱ्या पोकेमॉनचं : "नाव बदला आणि हवा तो प्राणी मिळवा, कितीही वेळा!" यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करावं लागतं. ईव्हीला स्पार्की नाव दिलं तर जोल्टिऑन होतो, पायरो दिलं तर फ्लेरिऑन, रेनर दिलं तर व्हेपोरिऑन. मूळ कार्टूनमधल्या ईव्हीवाल्या भावांची ही नावं. साकुरा आणि तामाओ या नावांनी एस्पिऑन आणि अंब्रिऑन मिळतात. पुढे आलेल्या प्रकारांसाठीही अशी नावं आहेत. पण प्रत्येक नाव एका खात्यावर एकदाच चालतं. "कितीही वेळा" हे मेसेजवाल्याने पदरचं घातलेलं. दुसऱ्यांदा स्पार्की लिहिलंत तर इव्हॉल्व्ह करायला लागणाऱ्या 25 कँडी जातील आणि तिघांपैकी कुणीही निघेल. हे टाळायची सोय खेळातच आहे. इव्हॉल्व्हच्या बटणावर प्राण्याची सावली दिसली तर नाव लागू पडलंय, प्रश्नचिन्ह दिसलं तर नाही. प्रश्नचिन्ह असताना बटण दाबायचं आणि मग रडायचं, हा उद्योग मी मोठ्या माणसांनाही करताना पाहिलाय.

दुसरं : "शायनी निघाला नाही तर अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा, निघेल." नाही निघणार. समोरचा प्राणी तुमच्यासाठी शायनी आहे की नाही, हे सर्व्हरवर ठरून गेलेलं असतं. सापशिडीत फासा पडल्यावर पट हलवला म्हणून दोनाचे सहा होत नाहीत. आणि हे प्रत्येक खेळाडूसाठी वेगवेगळं ठरतं. शिवाजी पार्कात दोघं शेजारी उभे राहून एकाच मॅजिकार्पवर बोट ठेवतील, एकाला सोनेरी दिसेल, दुसऱ्याला नेहमीचा तांबडा. दोघांचेही फोन ठणठणीत असतात.

तिसरं गुपित वाचून मी खरंच दोन मिनिटं थांबलो. "रात्री बरोबर 12 वाजता, बॅटरी 100 टक्के असताना, फोन उत्तरेकडे धरून इव्हॉल्व्ह करा, साधा पोकेमॉन शायनी होईल." उत्तरेकडे! बॅटरी 100 टक्के! वास्तुशांत चालू असताना दक्षिणेकडे तोंड करू नका एवढंच लिहायचं राहिलं.

साधा प्राणी इव्हॉल्व्ह केला तर साधाच राहतो. शायनी केला तर शायनी राहतो. सोनेरी मॅजिकार्पला 400 कँडी चारल्या की लाल ग्यारडोस मिळतो, तांबड्या मॅजिकार्पला त्याच 400 चारल्या की निळा. वेळ, बॅटरी, दिशा, काही म्हणजे काही फरक पाडत नाही. आणि बटण दाबल्याने आयव्हीचे (प्राण्याच्या अंगच्या ताकदीचे) आकडेही बदलत नाहीत, तेही कुणीतरी त्याच ग्रुपवर ठोकून दिलं होतं.

गंमत अशी की ही थाप लोकांना पटते याचा थोडा दोष खेळाकडेही जातो, कारण इव्हॉल्व्ह करायच्या काही खऱ्या अटी याहून विचित्र आहेत. इंके नावाचा प्राणी आहे, त्याचा मालामार करायचा तर फोन उलटा धरावा लागतो. हो, खरोखर उलटा, वरचं खाली. उर्सारिंगचा उर्सालूना व्हायला पौर्णिमेची रात्र लागते, अर्थात खेळातली. ईव्हीला बडी (सोबत चालणारा जोडीदार) करून 10 किलोमीटर चालवलं आणि तो बडी असतानाच दिवसा इव्हॉल्व्ह केला तर एस्पिऑन, रात्री केला तर अंब्रिऑन. सिल्व्हिऑन हवा असेल तर बडी ईव्हीकडून 70 हार्ट मिळवायचे. पण या सगळ्या अटींनी कोणता प्राणी होणार ते ठरतं. तो शायनी आहे का, हे त्याला पकडायला गेलात त्या क्षणीच ठरलेलं असतं. मेसेजवाल्याने खऱ्या अटींची चव घेऊन खोटी भाजी शिजवली आहे.

मग मेसेजसोबतच्या व्हिडिओत एका पोराला रात्री शायनी मिळालेला कसा दिसतो? व्हिडिओ नीट बघा. नकाशावर जिकडेतिकडे एकच प्राणी उगवलेला आहे आणि बाहेर लख्ख ऊन आहे. म्हणजे तो कम्युनिटी डे आहे, एकाच प्राण्यासाठी ठेवलेला खेळातला खास दिवस. दुपारी 2 ते 5, तीन तास. त्या वेळात त्या एका प्राण्याचे शायनी साधारण 25मध्ये एक या प्रमाणात निघतात. एरवी साध्या दिवशी हेच प्रमाण सुमारे 500मध्ये एक असतं. हे आकडे कंपनीने छापलेले नाहीत, जगभरच्या खेळाडूंनी आपापल्या नोंदी एकत्र करून काढलेले आहेत. कम्युनिटी डेला तुम्ही फोन उत्तरेला धरा, दक्षिणेला धरा, नाहीतर डोक्यावर ठेवा, पन्नास-शंभर प्राण्यांवर बोट ठेवल्यावर शायनी बहुतेक निघतोच. आणि ज्याने फोन उत्तरेला धरला होता तो व्हिडिओ टाकतो.

याच्याच पोटातून चौथं गुपित जन्मतं : "500 पकडले की 501वा नक्की शायनी." दर वेळी शक्यता 500मध्ये एकच असते, मागच्या वेळी काय झालं याचा हिशोब कुणी ठेवत नाही. हजार खेळाडूंनी प्रत्येकी 500 वेळा प्रयत्न केला, तर त्यातले साधारण 370 जण रिकाम्या हाताने परततात. ज्यांना मिळाला ते सव्वासहाशे लोक आपापली युक्ती सांगत सुटतात. 370 जण गप्प बसतात किंवा मेसेज पुढे ढकलून आणखी एकदा करून बघतात.

अफवांना या खेळाच्या घराण्यात जुनी परंपराही आहे. 1996च्या पहिल्या गेममध्ये बंदरावर उभा असलेला एक ट्रक होता आणि त्याखाली म्यू लपलाय, असं अर्ध्या जगाने मानलं होतं. ट्रकखाली काहीही नव्हतं. म्यू मात्र गेमच्या आत खरंच होता. शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरने तो अगदी शेवटी आत घातला होता, आणि पुढे कित्येक वर्षांनी लोकांना प्रोग्राममधल्या एका चुकीतून तो बाहेर काढायची वाट सापडली. थोडक्यात, ट्रक खोटा होता, म्यू खरा होता. या फॉरवर्डमध्ये तेवढंही नाही.

पाचवं : "पैसे भरणाऱ्यांनाच शायनी मिळतो." इथेही तोंड वाकडं करून थोडं मान्य करतो. मोठ्या तिकीटवाल्या इव्हेंटमध्ये तिकीट घेणाऱ्यांना शायनीची शक्यता वाढवून मिळते, हे कंपनी स्वतःच जाहिरातीत सांगते. मला ते आवडत नाही. रेडचे (बलाढ्य प्राण्याशी मिळून लढायच्या सामन्याचे) पास विकत घेतले तर जास्त रेड करता येतात, आणि लेजंडरी रेडमध्ये शायनीचं प्रमाण साधारण 20मध्ये एक असतं, म्हणजे पैशाने जास्त संधी विकत मिळतात. पण "पैसे भरणाऱ्यांनाच" हे साफ खोटं आहे. कम्युनिटी डेला दमडीही लागत नाही. पार्कात बसा, पोकेबॉल साठवून ठेवा, तीन तास बोट चालवा.

आता सहावं आणि सातवं. खरा राग इथे आहे.

सहावं सांगतं, फोनचं लोकेशन बदलणारं अ‍ॅप घाला, सोफ्यावर बसून टोकियोत पोकेमॉन पकडा, "100% सेफ, कंपनीला कळत नाही". अशी बरीच अ‍ॅप, खास करून खेळाचंच बदललेलं अ‍ॅप, प्ले स्टोअरबाहेरून घ्यावी लागतात. अज्ञात ठिकाणाहून अ‍ॅप घालायची परवानगी द्यावी लागते आणि एकदा ती दिली की फोनमध्ये काय शिरलं हे तुम्हाला कळत नाही. आणि कंपनीला कळत नाही म्हणे! पुण्यात 3 वाजता प्राणी पकडणारा खेळाडू 3 वाजून 1 मिनिटाने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात उभा दिसतो, हे कळायला कुणी गुप्तहेर लागत नाही. 2019 मध्ये हा खेळ बनवणाऱ्या निअँटिक कंपनीने असलं बदललेलं अ‍ॅप बनवणाऱ्यांवर अमेरिकेत थेट खटला भरला होता.

नियमही लपवलेले नाहीत. निअँटिकने शिक्षेचं धोरण उघड छापलं होतं, तीन टप्प्यांचं (2025 पासून खेळाची मालकी स्कोपली या दुसऱ्या कंपनीकडे आहे). तिसऱ्या टप्प्यात खातं कायमचं बंद. दुसऱ्यात सुमारे 30 दिवस खेळता येत नाही. आणि पहिल्या टप्प्यात, साधारण 7 दिवस, काय होतं माहीत आहे? खेळ चालू राहतो, पण दुर्मिळ पोकेमॉन दिसेनासे होऊ शकतात. हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. दुर्मिळ प्राणी मिळावेत म्हणून युक्ती करायची आणि शिक्षा म्हणून दुर्मिळ प्राणीच गायब. गंभीर प्रकरणात टप्पे न मोजता थेट खातं बंद करायची मुभाही त्यांनी ठेवली आहे. "माझा मित्र सहा महिने वापरतोय, काही झालं नाही" हे ऐकवू नका. कारवाई बऱ्याचदा उशिरा आणि एकाच वेळी अनेक खात्यांवर होते.

सातवं गुपित म्हणजे तो मोबाईल नंबर : "लॉगिन पाठवा, 24 तासांत खात्यात शायनी म्यू." बाहेरून कुणी तुमच्या खात्यात म्यू "टाकू" शकत नाही. एका खात्यातून दुसऱ्यात प्राणी जायचा एकच मार्ग आहे, ट्रेड म्हणजे अदलाबदल. त्यासाठी दोघं मित्रयादीत असावे लागतात, स्टारडस्ट (खेळातलं चलन) खर्च होते, आणि नवा शायनी असेल आणि मैत्री नुकतीच झालेली असेल तर ती 10 लाखांपर्यंत जाते. त्याहून मोठी गोष्ट ही की म्यूचा ट्रेडच होत नाही. तो मिथिकल प्रकारातला आहे. मेल्टन आणि मेलमेटल हे अपवाद सोडले तर कुठलाही मिथिकल प्राणी कुणालाच देता येत नाही. मित्राला नाही, सख्ख्या भावाला नाही, या नंबरवाल्याला तर नाहीच.

मग त्याला लॉगिन कशाला हवं? ताई, तू ज्या खात्याचा पासवर्ड द्यायला निघाली होतीस, त्यात तुझे मेल आहेत, फोटो आहेत, फोनमधले सगळे नंबर आहेत. दुकानांच्या, प्रवासाच्या, बिलांच्या अ‍ॅपचा पासवर्ड विसरलीस तर बदलायची लिंक त्याच मेलवर येते. पोकेमॉन हे नुसतं आमिष आहे, आणि ते मुलांसमोर टाकलंय कारण मूल आईला विचारेल आणि आई थकून "दे बाबा" म्हणेल, हे त्या माणसाला पक्कं माहीत आहे.

सोसायटीतल्या कुणी आधीच पासवर्ड दिला असेल तर त्यांना सांग : आत्ता बदला. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन अनोळखी फोन-कंप्युटर साइन आउट करा, रिकव्हरीचा नंबर आणि मेल आपलाच आहे ना ते बघा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. फोनवर आलेला कोड कुणालाही वाचून दाखवू नका. पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा, हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे. लोकेशनवालं अ‍ॅप घातलं असेल तर ते काढून टाका.

भाच्याला अंब्रिऑन हवाय, हे मला माहीत आहे. ईव्हीला बडी कर म्हणावं, 10 किलोमीटर चाल, रात्री बटणावर सावली बघ आणि मग दाब. नाहीतर तामाओ नाव अजून वापरलेलं नसेल तर तेही चालेल, स्पेलिंग मी पाठवतो.

राहता राहिली मेसेजची शेवटची ओळ : "15 ग्रुपवर पाठवा, सर्व्हर नोंद घेतो, न पाठवल्यास शायनी रेट कमी होतो." व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येत नाही, खुद्द व्हॉट्सअ‍ॅपलाही नाही. पोकेमॉनच्या सर्व्हरला तो कुठून दिसणार? डिलीट कर.