पॉलिसायथेमिया म्हणजे 'दीड वर्ष' नव्हे

चवथीच्या आधीपासून गोव्यातल्या डिचोली, साखळी, वाळपईकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: 'रक्त घट्ट होण्याचा आजार, म्हणजे पॉलिसायथेमिया व्हेरा, हा ब्लड कॅन्सर आहे. पेशंट दीड वर्षात जातो. डॉक्टर रक्त काढून काढून माणूस खंगवतात आणि गोळ्या देऊन ल्युकेमिया करतात. त्यापेक्षा रोज लसूण, कोकमाचं पाणी आणि चार लिटर साधं पाणी घ्या, रक्त पातळ होईल. घरात कुणाला असेल तर मुलांची लग्नं ठरवताना जपा.'

माझ्या ताईला हा आजार आहे, बरीच वर्षं झाली. तिच्या मुलीने मेसेज मला पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, 'मावशी, हे खरं?' तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न पडलेली ती एकटी नसणार.

आधी ते दीड वर्ष. हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही, म्हणूनच तो जास्त घातक आहे. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला ज्यांच्यावर काहीच उपचार झाले नाहीत अशा पेशंटांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांतले निम्मे साधारण 18 महिन्यांत गेलेले आढळले. तो आकडा उपचार न घेतलेल्यांचा होता. मेसेजमध्ये नेमके हेच शब्द गळले आहेत.

उपचार घेणाऱ्यांचं चित्र वेगळं आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 2014 साली आपल्या पेशंटांची दीर्घकाळची माहिती मांडली. त्यात निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक साडेतेरा वर्षं निघाला. निदानाच्या वेळी साठीच्या आत असलेल्यांचा 24 वर्षं. त्याच संस्थेच्या नंतरच्या अभ्यासात चाळिशीच्या आतल्यांचा मध्यक 37 वर्षांपर्यंत गेला.

मध्यक ही मुदत नसते. निम्मे पेशंट त्याच्या अलीकडे आणि निम्मे पलीकडे, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय हा आजार बहुधा साठीच्या आसपास सापडतो. पासष्टाव्या वर्षी निदान झालेल्या माणसाची साडेतेरा वर्षं म्हणजे अठ्ठ्याहत्तरी ओलांडली. त्यातही यातल्या बऱ्याच पेशंटांचं निदान कित्येक दशकांपूर्वीचं, म्हणजे आजची औषधं हाताशी नसतानाचं. हा आजार आयुष्यातून काहीच घेत नाही असं मी म्हणणार नाही. त्याच वयाच्या निरोगी माणसांपेक्षा सरासरी आयुष्य थोडं कमी भरतं, आणि वय साठीच्या वर असेल किंवा आधी रक्ताची गाठ होऊन गेली असेल तर धोका वाढतो. पण 'दीड वर्ष' हे वाक्य घरात बोललं गेलं की माणूस औषध सोडतो, मुलाचं शिक्षण थांबवतो, जमीन विकायला काढतो. ते मला सहन होत नाही.

'कॅन्सर आहे' हे मात्र खरं. 2008 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या गटातल्या आजारांच्या नावात 'विकार' जाऊन कर्करोगाच्या अर्थाचा शब्द आला. अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या रक्त बनवणाऱ्या गरातल्या, एका मूळ पेशीत बिघाड होतो आणि तिची पिलावळ हुकूम नसताना तांबड्या पेशी तयार करत राहते. पण हा हळू चालणारा आजार आहे. त्याचं रूपांतर तीव्र ल्युकेमियात, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या ब्लड कॅन्सरमध्ये, होण्याचं प्रमाण वीस वर्षांतही शंभरात दहाहून कमी आहे. काहींच्या मज्जेत मात्र कालांतराने तंतू वाढतात, म्हणून तपासण्या कधीच थांबवायच्या नसतात. माणूस अनेकदा दगावतो तो वेगळ्याच कारणाने: रक्ताची गाठ मेंदूत, हृदयात, पोटाच्या शिरेत अडकून. हा धोका आटोक्यात ठेवता येतो.

तो कसा ठेवायचा याचं उत्तर सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या साध्या तपासणीच्या, रिपोर्टमधल्या एका ओळीत आहे, तीच आपण सगळे वगळून पुढे जातो. 'पीसीव्ही' किंवा 'हिमॅटोक्रिट'. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, ते हा आकडा सांगतो. ताईच्या पहिल्या रिपोर्टवर तो 57 होता. निवळ पेज आणि आटून घट्ट झालेली पेज यांत जो फरक, तोच 45 आणि 57 मध्ये. इटलीत 365 पेशंटांवर झालेल्या अभ्यासात, जो 2013 साली प्रसिद्ध झाला, निम्म्यांचा पीसीव्ही 45 च्या खाली ठेवला आणि उरलेल्यांचा 45 ते 50 च्या दरम्यान. हृदयविकाराने वा पक्षाघाताने मृत्यू किंवा मोठी गाठ, असं पहिल्या गटात 182 पैकी 5 जणांना झालं, दुसऱ्यात 183 पैकी 18 जणांना. पाच टक्क्यांच्या फरकासाठी जवळजवळ चौपट धोका.

म्हणून रक्त काढतात. 'रक्त काढून माणूस खंगवतात' म्हणणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत. एका वेळी साधारण 350 ते 450 मिलिलिटर, सुरुवातीला वरचेवर, आकडा खाली आला की मग दोन-तीन महिन्यांनी. रक्तदात्यासारखंच खुर्चीवर बसायचं, हातात चेंडू दाबत राहायचं. पहिल्या खेपेला ताईचं रक्त नळीतून इतकं सावकाश उतरत होतं की पिशवी भरायला नेहमीच्या कितीतरी पट वेळ लागला. हे रक्त कुणाला चढवत नाहीत, नष्ट करतात.

थकवा येतो, हे खरंच. वारंवार रक्त काढल्याने शरीरातलं लोह संपतं, आणि इथे सर्वात मोठी चूक घडते. घरातलं कुणीतरी प्रेमापोटी लोहाच्या गोळ्या आणून देतं. पण लोह कमी होणं हा उपचाराचाच भाग आहे. लोह नाही म्हणून मज्जा भरमसाट पेशी बनवू शकत नाही. ताईला एका दवाखान्यात टॉनिक लिहून दिलं होतं, महिन्याभरात पीसीव्ही पुन्हा वर. तांबडी भाजी, मासे, नाचणी खुशाल खा. गोळ्या आणि टॉनिक रक्ताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता लसूण आणि कोकम. 'रक्त पातळ करणं' हे बोलायला एक वाटतं, पण कामं दोन आहेत. एक, पेशींची संख्या कमी करणं. दुसरं, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, एकमेकांना चिकटू न देणं. लसूण दुसऱ्यात थोडीफार हातभार लावते, पहिल्यात शून्य. कोकम दोन्हींत काहीच करत नाही. चार लिटर पाण्याने रक्तातला द्रव काही तास वाढतो आणि लघवीवाटे निघून जातो. पेशी तितक्याच राहतात. पाणी प्यायलाच हवं, मे महिन्यात तर जास्तच, कारण अंगातलं पाणी कमी झालं की घट्ट रक्त आणखी घट्ट होतं. पण ते उपचाराच्या जागी नको.

प्लेटलेटचं काम कमी डोसची ॲस्पिरिन चोख करते. 2004 साली युरोपात 518 पेशंटांवरच्या अभ्यासातून ते दिसलं. तीही स्वतःच्या मनाने सुरू करायची नाही. प्लेटलेट 10 लाखांच्या वर गेल्या असतील तर उलट रक्तस्राव होऊ शकतो, आणि लसूण भरपूर खाऊन वर ॲस्पिरिन हा मेळही बरा नव्हे.

कोकमाबद्दल आणखी एक. गरम पाण्याने आंघोळ केल्यावर अंगभर खाज सुटणं हे या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे. अंगावर चट्टा नसतो, पुरळ नसतं, तरी माणूस खाजवून हैराण होतो. आपल्याकडे 'पित्त उठलं' म्हणत आमसुलाचा कोळ चोळतात. ताईने कितीतरी दिवस तेच केलं आणि निदान लांबलं. दर आंघोळीनंतर अशी खाज येत असेल तर एक साधी सीबीसी करून घ्या.

'गोळ्यांनीच ल्युकेमिया होतो' या दाव्यालाही इतिहास आहे. अमेरिकेत 1967 साली सुरू झालेल्या अभ्यासात किरणोत्सारी फॉस्फरस आणि क्लोरॅम्ब्युसिल या उपचारांनी ल्युकेमिया वाढत असल्याचं दिसलं. डॉक्टरांनीच ते शोधलं आणि क्लोरॅम्ब्युसिल बंद केलं. आज बहुतेकदा पहिलं औषध असतं हायड्रॉक्सियुरिया, आणि ते एकटं घेणाऱ्यांत ल्युकेमिया वाढतो असा ठोस पुरावा मिळालेला नाही. तोंडात किंवा पायावर जखमा होणं हा त्याचा त्रास आहे. तो झाला तर डॉक्टरांना सांगायचा. ते चालत नसेल तर इंटरफेरॉन आणि रुक्सोलिटिनिब आहेत, पण रुक्सोलिटिनिब महाग आहे.

लग्नाचा मुद्दा वाचून मला सर्वात जास्त राग आला. 95 टक्क्यांहून अधिक पेशंटांत जेएके-2 जनुकात बदल सापडतो. 2005 साली हा शोध लागला. हा बदल आईबापांकडून येत नाही, पेशंटच्या स्वतःच्या एका मज्जापेशीत घडतो आणि बहुतेक पेशंटांच्या मुलांकडे जात नाही. मुलींची स्थळं यावरून मोडू नका.

आणि प्रत्येक वाढलेलं हिमोग्लोबिन म्हणजे हा आजार नव्हे. विडी-सिगारेट, फुफ्फुसाचा जुना आजार, झोपेत श्वास अडकणं यांनीही ते वाढतं. म्हणून जेएके-2 आणि एरिथ्रोपोएटिन (मज्जेला तांबड्या पेशी बनवायचा हुकूम देणारं संप्रेरक) यांच्या तपासण्या करतात, गरज पडली तर मज्जेचीही.

भाचीला शेवटी सांगितलं ते असं. प्रत्येक भेटीत विचारायचं, 'पीसीव्ही 45 च्या खाली आहे का?' रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलीत लावायचे, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जाताना तीच फाइल न्यायची. आईचं तोंड वाकडं झालं, हातापायातली शक्ती गेली, बोलणं अडखळलं, छातीत दुखलं, अचानक दिसेनासं झालं, एकच पाय सुजला, पोट फुगून दुखू लागलं, यातलं काहीही झालं तर शेजाऱ्यांची गाडी शोधत बसायचं नाही, 108 ला फोन करायचा, आणि आलेल्यांना पहिल्याच वाक्यात आजाराचं नाव सांगायचं.