‘नुसते पार्ट बदलत बसतात’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलाय आणि लिहिलंय की गाडी तीन वेळा आणली, सगळे मिळून एकोणीस दिवस आमच्याकडे उभी राहिली, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देतो तो) किट झालं, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचं किट झालं, तरी हायवेला बंद पडायची ती पडलीच, आणि शेवटी दुसऱ्या मिस्त्रीने अर्ध्या तासात पेट्रोलच्या लाइनमध्ये हवा मारून चालू करून दिली, म्हणजे आम्हाला काही कळत नाही. यातलं निम्मं बरोबर आहे. कुठलं निम्मं ते सांगतो, आणि शेवटी गाडीबद्दल जे लिहिलंय ते लांब जायच्या आधी नक्की वाचा.

पहिल्या वेळची चूक माझी. तक्रार काय होती, वीस-पंचवीस मिनिटं मस्त पळते, मग धक्के खाते, बंद पडते आणि दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते. असं ऐकलं की आधी करंट बघायचा कारण कंडेन्सर नाहीतर कॉइल (ठिणगी पाडणारे पार्ट) गरम झाल्यावर दम सोडते तेव्हा सेम असंच होतं, आणि लोक बिचाऱ्या कार्बोरेटरला शिव्या देत बसतात. ते बघितलं, ठिणगी कडक होती, पॉइंटचा गॅप बरोबर होता. मग गाडी चाळीस मिनिटं स्लोवर चालू ठेवली, बंद पडली नाही. इथेच फसलो. स्लोवर इंजिन पेट्रोल पिऊन पिऊन पिणार किती, लाइन अर्धी तुंबलेली असली तरी तेवढं येतंच. लोडवर, म्हणजे रस्त्यावर जोरात पळवत, अर्धा तास ट्रायल मारायला पाहिजे होती, आम्ही जवळच एक चक्कर मारून आलो.

त्याहून मोठी चूक म्हणजे कार्बोरेटर उघडला तेव्हा फ्लोट चेंबरच्या (आत पेट्रोल साठतं त्या वाटीच्या) तळाला विटकरी रंगाची बारीक पूड होती, म्हणजे गंज. ती बघून सरळ टाकीकडे जायचं असतं. मी काय केलं, जेट हवेने साफ केले, निडलला (वाटीत येणारं पेट्रोल थांबवणारी सुई) खाच पडली होती म्हणून निडल-सीट बदलली, नवा फिल्टर टाकला आणि गाडी दिली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. त्या वेळची लेबर परत करतोय. किटचे पैसे मात्र नाही, निडल खरंच गेली होती, ओव्हरफ्लो होऊन प्लग काळे ठिक्कर पडले होते.

पंप किट उगाच टाकलं हे पण मान्य नाही. दुसऱ्यांदा आलात तेव्हा कार्बोरेटरच्या तोंडाशी गेज लावला, प्रेशर दीड पीएसआय. कॅमवर चालणाऱ्या असल्या पंपाला साधारण अडीच ते चार तरी पाहिजे. आणि डिपस्टिक काढली तर ऑइल मार्कच्या वर, वास पेट्रोलचा. डायफ्रॅम, म्हणजे पंपातला पडदा, फाटला की पेट्रोल सरळ खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पाण्यासारखं पातळ होतं आणि बेअरिंगची वाट लागते, तेव्हा बंद पडण्यावर भागलं असं समजा. फाटका डायफ्रॅम डिकीत पिशवीत ठेवलाय, बघा एकदा.

आता तुमचा खरा राग, ‘एकदा म्हणतात गंज, एकदा म्हणतात व्हेपर लॉक, एक काहीतरी सांगा’. सर दोन्ही आहे, टाकीतला गंज आणि व्हेपर लॉक म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ होऊन अडणं, आणि एकामुळे दुसरं आहे, हे मी काउंटरवर नीट समजावलं नाही म्हणून इथे लिहितो.

तिसऱ्या वेळी टाकी आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळी लावली, सक्शनला (पंप पेट्रोल ओढतो त्या बाजूला) व्हॅक्यूम गेज लावला आणि लोडवर नीट लांब ट्रायल मारली. अठरा मिनिटांनी नळीत बुडबुडे सुरू झाले. बुडबुडे म्हणजे लाइन कुठेतरी हवा घेतेय असं वाटतं, आणि सक्शनच्या बाजूचं भोक बाहेरून दिसत नाही कारण तिथून पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून दोन्ही टोकांचे जुने रबरी होज बदलले, तसेही ते फुगून मऊ झाले होते, इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही. तरी बुडबुडे होतेच आणि व्हॅक्यूमचा काटा चढतच गेला, म्हणजे पंप जीव खाऊन ओढतोय पण मागून माल येत नाहीये. टाकीचं झाकण उघडून बघितलं, फुस्स आवाज नाही, फरक नाही, म्हणजे झाकणाचा व्हेंट (हवा आत जायचं भोक) मोकळा. राहिलं काय, टाकीच्या आतली पिकअपची, म्हणजे पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाची जाळी.

आत गंजाचे पापुद्रे सुटलेत. गाडी जोरात पळते, ओढ वाढते, पापुद्रा जाऊन जाळीला चिकटतो. ओढ वाढली की लाइनमधलं प्रेशर पडतं, आणि प्रेशर पडलं की पेट्रोल कमी उष्णतेला उकळतं, त्यात इंजिनची गरमी, मग लाइनमध्ये वाफ, हे झालं व्हेपर लॉक. गाडी बंद पडली, ओढ संपली, पापुद्रा गळून खाली बसला, पेट्रोल थंड झालं, दहा मिनिटांनी गाडी चालू. (व्हेपर लॉकवर उपाय म्हणून पेट्रोलच्या नळीला कपड्यांचे लाकडी चिमटे लावायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिलाच असेल. लावा हवे तर, गाडी छान दिसेल.)

म्हणून म्हणालो होतो टाकी उतरवू. आमच्या माणसाने कागदावर नुसतं ‘टाकी क्लीनिंग’ लिहिलं, तुम्हाला वाटलं अजून एक बिल काढतायत, गाडी घेऊन गेलात. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं.

त्या मिस्त्रीने हवा मारली त्यात चूक नाही, रस्त्यात मीही तेच करतो, फक्त लाइन पंपापासून सोडवून आणि टाकीचं झाकण उघडून, नाहीतर पंपाचे व्हॉल्व्ह आणि नवा डायफ्रॅम दोन्ही जातील. पण हवेने पापुद्रा मागे ढकलला जातो, टाकीतून बाहेर येत नाही. तो आतच आहे आणि लांब पल्ल्याला परत येणार.

परत बंद पडली तर सेल्फ मारत बसू नका. इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढा, टॉर्चने कार्बोरेटरच्या तोंडात बघत अॅक्सिलरेटरची लिंक हाताने दाबा. तुमच्या कार्बोरेटरला अॅक्सिलरेटर पंप आहे त्यामुळे पेट्रोलची पिचकारी दिसली पाहिजे. दिसली तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आहे, गडबड करंटची आणि मग मी पुन्हा चुकलोय. नाही दिसली तर टाकीच. जवळ कोणी सिगरेट ओढत नाही ना तेवढं बघा.

टाकी दुसरीकडे काढून घेतलीत तरी माझी हरकत नाही, पण आतली वाफ नीट घालवल्याशिवाय वेल्डिंगवाल्याला हात लावू देऊ नका, रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट फुटते. आमच्याकडे आणलीत तर उतरवायची, साफ करायची आणि परत बसवायची लेबर लावणार नाही, जाळी बदलावी लागली तर फक्त जाळीचे पैसे, आणि ट्रायलला तुम्ही स्वतः शेजारी बसायचं. येताना टाकी फुल करून येऊ नका, पाव टाकी बास, भरलेली उतरवताना दोन माणसं लागतात.